प्रभुभोजनाआधीचा शनिवार

कार्ड कॉफीच्या किटलीशेजारी ठेवलेलं होतं. गुलाबी रंगाचं, नगरपालिकेचा शिक्का मारलेलं, आणि त्यावर टाइप केलेली दोन नावं: लीन मिंडरहाउट, वय सहा. कोबा मिंडरहाउट, वय तीन. खाली वेळ आणि जागा. आज दुपारी तीन ते पाच, शाळेचा व्यायामाचा हॉल.

तानेकेनं सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिची नजर पहिली त्या कार्डावरच गेली. सकाळपासून ती आपल्या दारात पोस्टमनची वाट बघत होती आणि पोस्टमननं नेहमीचा घोळ घातला होता. गल्लीत मिंडरहाउटांची तीन घरं. तिन्ही घरांचं टपाल तो थोरल्या घरात टाकायचा आणि मोकळा व्हायचा. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे.

"बस," सासरे म्हणाले.

क्राइन मिंडरहाउट यांना आवाज चढवायची गरज कधी पडलीच नव्हती. तीस वर्षं समुद्राच्या बांधावर मुकादमी केली, तेव्हाही नाही, आणि आता मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, म्हणून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात, तेव्हाही नाही. ते हळू बोलायचे आणि बाकीचे आपोआप गप्प व्हायचे. सासूबाई, नेला, काळ्या पोशाखात आणि पांढऱ्या टोपीत, कपात कॉफी ओतत होत्या. थोरला दीर कोमर खिडकीशी उभा होता. दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाचं एक बटण नाही. त्याची बायको याकोमिना टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. आणि तानेकेचा नवरा मारिनुस तिच्याआधीच येऊन बसला होता. म्हणजे त्याला बोलावणं आधी गेलं होतं आणि त्यानं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. समोरच्या बोलुसकडे, दालचिनीच्या चिकट गोड पावाकडे, तो अशा एकाग्रतेनं बघत होता, की जन्मात पहिल्यांदाच बोलुस बघतोय असं वाटावं.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

गेले सतरा दिवस या घरात सगळे असेच बसत होते. कोमर आणि याकोमिनाचा थोरला मुलगा अद्री, वय वर्षं नऊ, शहरातल्या इस्पितळात होता. आधी ताप आला, मग मान आखडली, मग पाय गेले. मंगळवारपासून त्याचा श्वासही यंत्र घेत होतं. गावात अशी चार मुलं होती आणि चारही त्यांच्याच मंडळीतली, कारण पोलिओची लस मंडळीतलं कुणी घेतच नसे. आजारी पडलं तर डॉक्टरकडे जावं. धडधाकट असताना देवाच्या पुढे धावू नये. हे कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं. आईच्या दुधाबरोबर आलं होतं.

"हे कार्ड इथं आलं," क्राइन म्हणाले. "नेलानं वाचलं, मी वाचलं. लसीसाठी नावं कुणी दिली?"

"मी," तानेके म्हणाली.

"मारिनुसला ठाऊक होतं?"

तानेके नवऱ्याकडे बघत राहिली. मारिनुसचे कान लाल झाले.

"म्हणजे, ती म्हणाली होती," तो म्हणाला. "पण मला वाटलं, नुसतं बोलतेय."

वा रे बहाद्दर, तानेके मनात म्हणाली. बांधावर वादळात उभा राहतो हा माणूस आणि बापासमोर बसला की याची दातखीळ बसते.

"कधी दिलीस नावं?" हे याकोमिनानं विचारलं. बसल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"गुरुवारी."

"गुरुवारी मी तुझ्याकडे होते. तू मला सूप वाढलंस. माझ्याबरोबर बसून रडलीस."

"हो."

"नावं त्याआधी दिली होतीस की नंतर?"

"आधी. सकाळी."

याकोमिनानं मान हलवली आणि कप पुढ्यात ओढला. प्यायली मात्र नाही. दोघी एका बाकावर बसून शाळा शिकलेल्या, एकाच घरात दिलेल्या. तानेकेला वाटलं, तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. हे सोसवत नव्हतं.

"मी कुणाचा न्याय करायला बोलावलेलं नाही," क्राइन म्हणाले. "उद्या प्रभुभोजन आहे, म्हणून बोलावलंय."

ते सगळ्यांना ठाऊकच होतं. त्या चर्चमध्ये सहाशे माणसं बसत आणि प्रभूच्या मेजाशी भाकर घ्यायला जेमतेम पंधरा उठत. बाकीचे आपल्याला अपात्र समजून जन्मभर बाकावरूनच बघत. क्राइन त्या पंधरांतले एक. आणि रिवाज असा, की मनात अढी ठेवून मेजाशी जायचं नाही. आदल्या दिवशी घरातली, शेजारची सगळी भांडणं मिटवायची, हातात हात द्यायचा आणि मगच भाकरीला हात लावायचा. कुठल्या घरात काय मिटायचं राहिलंय, हे गावाला बरोबर कळत असे. कोण उठलं आणि कोण बसून राहिलं, हे सहाशे जोडी डोळे मोजत.

"तुझ्या मनात काय आहे ते बोल, तानेके," क्राइन म्हणाले. "मी ऐकतो."

तिला खूप बोलायचं होतं. तिनं लीनपासून सुरुवात केली.

"बाबा, लीन अद्रीबरोबर कालव्यात डुंबली होती. ज्या आठवड्यात त्याला ताप आला, त्याच आठवड्यात. मी रोज झोपताना दोघींना पाय वर करायला लावते. आधी उजवा, मग डावा. त्यांना वाटतं खेळ आहे. त्या हसतात. आज सकाळी लीन म्हणाली, आई, पोटरी दुखतेय. माझं अंग गार पडलं. मग कळलं, लाकडी बुटात खडा गेला होता." ती थांबली. "मला रोज असं जगायचं नाही."

"भीती मलाही आहे," क्राइन म्हणाले, आणि तानेकेनं चमकून वर बघितलं. "मी रोज संध्याकाळच्या बसनं अद्रीकडे जातो. तो डोळ्यांनी बोलतो. स्तोत्र म्हटलं की पापण्या मिटतो, थांबलो की उघडतो, म्हणून मी थांबत नाही. मला ठाऊक आहे भीती म्हणजे काय. पण पोरी, हे दुखणं कुठून आलं? रस्त्यावरून आलं का? वाऱ्यावरून आलं का? आपल्या स्वर्गातल्या बापाच्या हातून आलं. हात ओळखीचा आहे, म्हणून मी उभा आहे. तो हात नसेल तर उरलं काय? नुसता जंतू. नुसतं नशीब. त्या खोलीत मी मग कोणाला हाक मारू?"

हे ऐकून तानेकेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. सासरे दुष्ट असते तर किती सोपं झालं असतं.

"बाबा, एक विचारू?" खिडकीशी उभा असलेला कोमर वळला. "आपण बांध कशाला बांधतो?"

"कोमर," याकोमिना म्हणाली.

"नाही, विचारू दे की. तीस वर्षं बाबांनी बांध बांधले. मी वीस वर्षं बांधतोय, हा मारिनुस बांधतोय. समुद्र कुणाचा? देवाचाच ना? मग येऊ द्यावं पाणी. आलं की उभं राहून म्हणावं, हात ओळखीचा आहे."

"पाणी समोर दिसतं," क्राइन म्हणाले. "दिसणाऱ्या संकटाला हातपाय हलवणं हे कर्तव्य आहे. न आलेल्या दुखण्याला आधीच ढाल धरणं हा अविश्वास आहे."

"न आलेल्या?" कोमरचा आवाज फाटला. "चार पोरं पडलीत, बाबा! आणखी किती यायचंय? पाणी गळ्याशी आल्यावर बांध बांधतात का कुणी? तुमच्या मजुरानं असं केलं असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवला असता!"

तानेकेला ही अपेक्षा नव्हती. इतके दिवस कोमर तोंडातून शब्द काढत नव्हता. ती मानून चालली होती, की ज्यांचं पोर पडलंय ते दोघंही सासऱ्यांच्या बाजूला असणार. आता बघते तर नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे.

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस?" याकोमिना नवऱ्याला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दरवर्षी ती नर्स दारात यायची. दरवर्षी! आपण तिला काय सांगायचो? तू सांगायचास, मी नाही. आमचं आम्ही बघतो, बाई. तेव्हा बांध आठवला नाही?"

कोमर वळला. परत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मारिनुसनं उठून भावाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्या हाताचं पुढं काय करायचं ते न सुचून तसाच उभा राहिला.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हॉल इथून सायकलवर पाच मिनिटांवर. सोमवारी नगरपालिकेची माणसं पुढच्या गावाला जाणार होती, आणि उद्या रविवार म्हणजे काहीच हलणार नव्हतं. तानेकेनं मनातल्या मनात मिनिटं मोजली आणि मुलींना बघून येते असं पुटपुटत ती मागच्या दारातून अंगणात गेली.

लीन आणि कोबा पंपाशी खेळत होत्या. कोमरची धाकटी, चार वर्षांची माट्ये, त्यांच्या बादलीत दगड टाकत होती. तिघींना कालव्याकडे जायला बंदी होती आणि बंदी का, ते तिघींना सांगितलेलं नव्हतं. तानेके लीनच्या पायांकडेच बघत होती. पळताना डावा जरा मागे राहतो का? नाही. राहतो का? नाही.

मागे लाकडी बूट वाजले. याकोमिना आली होती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"याकोमिना..."

"ऐकून घे. मी बाबांसारखं बोलणार नाही, मला तसं येत नाही." ती पंपाच्या दांड्याला धरून उभी होती. "सतरा दिवस मी एकाच गोष्टीवर उभी आहे. हे देवानं दिलंय. का दिलंय ते मला कळत नाही, पण त्याला कळतं. अद्रीला तो कशासाठी तरी वापरतोय. त्या यंत्राशी बसून मी हेच म्हणते. आत हवा जाते तेव्हा म्हणते, बाहेर येते तेव्हा म्हणते."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत नाही! आता तू तुझ्या मुलींना तिथं नेणार. साखरेच्या खड्यावर दोन थेंब. त्या चघळणार, घरी येणार, दहा वर्षांनी त्या नाचत माझ्या दारावरून जाणार. मग मला सांग, अद्रीचं काय? दोन थेंबांनी टळत होतं, तर मी त्याला तिथं कशापायी झोपवलंय?" तिनं आवाज खाली आणला. "आज तो देवाच्या हातात आहे, तानेके. तू गेलीस की तो माझ्या हातून गेला असं होईल. मला ते पेलणार नाही. मी मरेन."

हिला काय सांगायचं? तुझं बरोबर आहे म्हणावं तर लीन आणि कोबा समोर खेळतायत. चूक आहे म्हणावं तर हिला जगायला उरतं काय? तिनं याकोमिनाचे हात धरले. ते बर्फासारखे होते, ऑगस्टच्या उन्हात.

"तू थांबलीस तर मी तुझे उपकार विसरणार नाही," याकोमिना म्हणाली आणि आत गेली.

तानेके तिथंच उभी राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती हरली होती. इतका जीव गुंतलेल्या बाईचा आधार काढून घ्यायचा आणि आपल्या पोरी वाचवायच्या, हे तिला चोरीसारखं वाटायला लागलं. अजून कुणाला काही झालेलं नाही, ती स्वतःला म्हणाली. कदाचित होणारही नाही. आणि हे म्हणताक्षणी तिची नजर परत लीनच्या पायांवर गेली.

आत आली तेव्हा सासरे उभे होते. त्यांनी कोळशाच्या स्टोव्हचं झाकण काढून ठेवलं होतं.

"जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "पण मिटवायचं असेल तर आता मिटवूया. कार्ड यात टाक आणि याकोमिनाला हात दे. मग सगळे मिळून प्रार्थना करू."

याकोमिनानं हात पुढे केला. घड्याळात चार वीस. तानेकेनं कार्ड उचललं.

"थांब," नेला म्हणाल्या.

सासूबाई इतका वेळ कॉफी ओतत होत्या, रिकामे कप विसळत होत्या, परत ओतत होत्या. या घरात त्या बायकांच्या बाजूनं बोलत नसत आणि पुरुषांच्याही बाजूनं बोलत नसत. त्या नुसत्या वाढत. आता त्यांनी किटली खाली ठेवली आणि ओले हात ॲप्रनला पुसले.

"या घरात घटसर्पानं एक पोर गेली," त्या म्हणाल्या. "माझी पहिली माट्ये. याकोमिना, तुझ्या मुलीला जिचं नाव दिलंय ती. चाळीस वर्षं झाली."

"नेला, आता ते कशाला," क्राइन म्हणाले.

"आत्ताच. चाळीस वर्षं मी म्हणतेय, बापाच्या हातून आलं. नुसतं म्हणत नाही, मानते. ते मानलं म्हणून जगले, नाहीतर मी त्या कालव्यात जाऊन पडले असते. याकोमिना, तू जे धरून बसली आहेस ते खोटं नाही. सोडू नकोस." त्यांनी श्वास घेतला. "पण ते मी नंतर म्हटलं. ती गेल्यावर. ती घुसमटत होती तेव्हा मी काय म्हणत होते, ते तुमच्या बापाला ठाऊक आहे. विचारा त्यांना. मी म्हणत होते, नको. नुसतं नको, नको, नको."

क्राइन जमिनीकडे बघत होते.

"मला वाटलं, हे माझं पाप. चाळीस वर्षं त्याची क्षमा मागतेय. आणि परवा चर्चमध्ये पाळकबुवा क्रुसावर जायच्या आदल्या रात्रीच्या, बागेतल्या प्रार्थनेवर बोलत होते, तर मला एकदम दिसलं. त्या बागेत गुडघ्यावर पडून प्रभू पहिल्यांदा काय म्हणाला? त्यानं पहिल्यांदा नकोच म्हटलं ना? टळत असेल तर टळू दे, असं म्हणाला. घाम गाळून म्हणाला. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे मागून आलं. आणि तुम्ही सगळे मिळून या पोरीला," त्यांनी तानेकेकडे बोट केलं, "नको म्हणायच्या आधीच हो म्हणायला लावताय. प्रभूलाही जेवढी मुभा होती, तेवढी तरी तिला द्या."

क्राइन यांनी मान वर केली.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," क्राइन म्हणाले.

"तुम्ही मंडळीचे वडील झालात. तुम्हाला कोण शिकवणार?"

एरवी यावर कोमर हसला असता. क्राइन खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला, आणि हे सगळं करताना त्यांचे हात म्हाताऱ्यासारखे वाटत होते.

"मी जा म्हणणार नाही," शेवटी ते म्हणाले. "मला ते म्हणता येत नाही. माझं मन तसं सांगत नाही, आणि मी खोटं बोलणार नाही. पण मी दारही अडवणार नाही."

"आणि उद्या, बाबा?" मारिनुसनं विचारलं.

"उद्या मी बाकावर बसेन."

सगळ्यांना एकदम कळलं. सहाशे माणसांसमोर क्राइन मिंडरहाउट मेजाशी जाणार नाहीत. उद्या दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नसेल. ही किंमत कुणी मागितली नव्हती, ती त्यांनी स्वतःच पुढे ठेवली होती, आणि आता ती तानेकेच्या डोक्यावर होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. यानं जर आता बोलुसकडे बघितलं, तिला वाटलं, तर मी याला जन्मभर माफ करणार नाही.

मारिनुस उठला.

"मी सायकल काढतो," तो म्हणाला.

बापासमोर उभं राहून त्यानं स्वतःच्या मनानं म्हटलेलं हे बहुधा पहिलंच वाक्य, आणि तेही सायकलीबद्दल. तरी तानेकेला भर स्वयंपाकघरात त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पंपाच्या पाण्यानं ती मुलींची तोंडं धूत होती, तेवढ्यात याकोमिना अंगणात आली. तिच्या बोटाला माट्ये होती. केस विंचरलेले, वरून स्वच्छ ॲप्रन घातलेलं.

"हिला ने," याकोमिना म्हणाली.

तानेके बघतच राहिली.

"मी येणार नाही. मला तिथं उभं राहता येणार नाही. तुझ्याबरोबर आलीये, एवढंच सांग." माट्येचा हात तिनं तानेकेच्या हातात दिला आणि मागे न बघता निघून गेली. आत न जाता ती भिंतीच्या कडेनं गल्लीत वळली.

शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, आणि त्यांतली निम्मी एकमेकांना अजिबात दिसत नव्हती. मंडळीतल्या एका सेवकाची, चर्चमध्ये दानपेटी फिरवणाऱ्याची, बायको भिंतीवरच्या दोरखंडांकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्या मागच्या दोन बायका तिची पाठ ओळखत नव्हत्या. तानेकेही कुणाला ओळखत नव्हती. रांग संपत आली होती. टेबलामागे नर्स, तिच्यापुढे साखरेच्या खड्यांची बशी आणि बाटली. हॉलच्या घड्याळात पावणेपाच.

लीननं खडा कडकड चावला. कोबानं चोखला आणि दुसरा मागितला. तानेकेला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आकाश ठेंगणं होईल. काहीच झालं नाही.

"आणि ही?" नर्सनं विचारलं. "कार्डावर दोनच नावं आहेत."

"ही माझ्या जावेची मुलगी."

"मग आईची नाहीतर वडिलांची सही लागेल."

तानेकेनं हे ध्यानात धरलंच नव्हतं. घड्याळात पाचला बारा कमी. "मारिनुस," ती म्हणाली, "धाव. भाऊजींना आण. घरी नसतील तर बांधावर बघ."

मारिनुस दाराशी गेला आणि तिथंच थबकला. मग त्यानं बाजूला होऊन वाट दिली. दाराबाहेर, भिंतीला टेकून, याकोमिना उभी होती. ती सायकलीमागून चालत आली असावी. बुटांवर धूळ होती.

हॉलमधल्या ज्या माणसांना इतका वेळ कुणीच दिसत नव्हतं, त्यांना ती दिसली. पोर यंत्रावर असलेली बाई. रांग आपोआप बाजूला झाली. याकोमिना सरळ टेबलाशी गेली, पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. नर्सनं खड्यावर दोन थेंब टाकले आणि चमच्यानं माट्येच्या तळहातावर ठेवला.

माट्येनं खडा बघितला, मूठ बंद केली आणि ती मूठ ॲप्रनच्या खिशात घातली.

"अगं, खायचा असतो," तानेके म्हणाली.

"अद्रीला नेते," माट्ये म्हणाली. "त्याला पाय दुखायचं औषध आहे ना हे?"

"त्याला आता नाही चालत, राणी. तू खा."

"का नाही चालत?"

"दुखायच्या आधी द्यावं लागतं."

माट्येनं विचार केला. मग तिनं मान वर करून, लहान मुलं विचारतात तशा स्वच्छ मोठ्या आवाजात विचारलं, "मग आधी का नाही दिलं?"

तानेकेचं तोंड आपोआप उघडलं. दुपारभर जे ऐकायला ती तयार नव्हती तेच तिच्या जिभेवर आलं, कारण याकोमिनाला झाकायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. "माट्ये," ती म्हणाली, "ती देवाची..."

याकोमिनानं हात वर करून तिला थांबवलं. मग ती सगळ्यांसमोर लाकडी जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि मुलीच्या खिशातली मूठ हळूच बाहेर काढली.

"मी त्याला इथं आणलं नाही म्हणून," ती म्हणाली. "तुला आणलंय. आ कर."